तुळसा घोडी आणि दरेवाडीची वाट

९ जानेवारी १९८३, रविवार

आज पुन्हा घोडीवरून पडले. तिसऱ्यांदा. उजव्या कोपराचं कातडं गेलं. आयोडीन लावताना डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांना लावते तेव्हा मीच म्हणते — एवढ्यात काय रडतेस.

चूक घोडीची नव्हती. शाळेची घंटा वाजली, ती दचकली. मी घाबरून लगाम ओढला. तिच्या तोंडात जुन्या जखमांचे वण आहेत, ओढलं की तिला दुसरं काही सुचतच नाही. ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि मी खाली.

शिकवणारे गुरुपादप्पा आधी तिच्याकडे गेले, माझ्याकडे नाही. तिच्या मानेवर हात ठेवून हळूहळू कानडीत काहीतरी बोलत राहिले. तिचा श्वास खाली बसेपर्यंत. मग माझ्याकडे वळले.

"बाई, तुमाला लागलं ते दिसतंय. तिला लागलं ते दिसत न्हाई. म्हणून आधी तिकडं गेलो."

११ जानेवारी

कोपर सुजलंय. तरी लिहिते.

मुरूडहून आईचं पत्र — घोड्यावर बसायला शिकतेस म्हणे, नर्सची नोकरी सोडून पोलिसात गेलीस का? तिला काय कळवू!

बोरतळला एस.टी. येते ती सकाळ-संध्याकाळ. उपकेंद्र इथं. पण माझ्याकडच्या पाच वाड्या आणि खडकी तांडा डोंगरापलीकडं, नुसती पायवाट. सगळ्यात लांब दरेवाडी — तीन कोस. चढ-उतार धरून तीन तास, उन्हात जास्तच.

नोव्हेंबरात दरेवाडीला उमादेवी वारली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी गेली होती. सासर इथलंच — गुरुपादप्पांची एकुलती एक सून. मूल वाचलं, मुलगी आहे. उमाचं रक्त थांबलं नाही. मी पोचले तेव्हा तिच्या आईनं तिचे केस विंचरून ठेवले होते. माझ्या पिशवीत इंजेक्शन होतं. तसंच परत आणलं.

रजिस्टरात लिहिलंय — निरोप ११.१५, निघाले ११.३०, वाटेत पाय मुरगळला, पोचले ४.१५.

पुढचं आज लिहीत नाही.

१२ जानेवारी

लिहायचं राहिलं ते हे. उमाला माती दिल्यावर महिन्याभरात तिचा नवरा शिवमूर्ती हैदराबादला कामाला निघून गेला. त्यानंतर दोन दिवसांनी गुरुपादप्पा उपकेंद्राच्या दारात येऊन उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस, डोक्याला पटका, हातात काही नाही. मी उठून उभी राहिले. म्हटलं आता शिव्या देतील, द्याव्यात.

ते म्हणाले, "घोड्यावर बसायला शिकता का? मी शिकवतो."

मी नुसती मान हलवली.

१७ जानेवारी

डिसेंबरात पहिले पंधरा दिवस त्यांनी मला घोडीला हातसुद्धा लावू दिला नव्हता. रोज संध्याकाळी त्यांच्या गोठ्यात पोत्यावर बसायचं. तिच्याकडे रोखून बघायचं नाही. काही मागायचं नाही. मला वाटायचं, म्हातारा वेळ काढतोय. मला महिन्याभरात शिकायचं होतं!

नवव्या दिवशी ती आली. माझ्या खांद्याला नाक लावलं. गरम श्वास. मी हलले, ती गेली. पुन्हा तीन दिवस आली नाही.

तिचं नाव तुळसा. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. मुखेडकडच्या एका वरातवाल्याची होती. बँडपुढं नाचवायला तिच्या तोंडात काटेरी लोखंड घालायचे. पुढं ती माणूस दिसला की लाथा झाडायला लागली, तर त्यानं माळेगावच्या जत्रेत आणून उभी केली. कुणी घेईना. आप्पांनी आणली. सगळे त्यांना आप्पाच म्हणतात, मीही म्हणते. वर्षभर ते तिच्या पाठीवर बसले नाहीत. नुसते सोबत फिरायचे म्हणे, शेतात, ओढ्याला. गावात लोक हसायचे. आप्पा घोडीची सेवा करतात, घोडी आप्पांची करत नाही.

तरुणपणी ते एका देशमुखाच्या पागेत चाबुकस्वार होते. नवी जनावरं तयार करायचं काम. नाव चाबुकस्वार, पण त्यांच्या घरात मी चाबूक पाहिला नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं. नऊवारीचा काष्टा घालून मैदानातून गेले, तर सरपंचांसकट सगळे हसले. पांढऱ्या पाचवारीत घोडीवर मांड बसत नाही, त्याला मी काय करू.

उदगीरहून टपाल आलं. सगळ्या कागदांवर छापील 'उस्मानाबाद' खोडून वर शाईनं 'लातूर' लिहिलेलं. नवा जिल्हा होऊन पाच महिने झाले, कागद अजून जुनेच वापरतायत. मी मुरूडला बदलीचा अर्ज दोन वर्षांपूर्वी केला होता. तो जुन्या जिल्ह्यात राहिला की नव्यात आला, कुणाला ठाऊक नाही. नवा अर्ज करा म्हणाले. केला.

इथून सुटायचंय मला.

४ फेब्रुवारी

आज लगामाशिवाय. आप्पांच्या हातात लांब दोर, मी तिच्या पाठीवर घोंगडी टाकून बसलेली. दोन्ही हात पोटाशी बांधलेले. गोल गोल.

"हात लई बोलतेत तुमचे," म्हणाले. "जरा गप बसवा त्यांना. मांडीनं सांगा. आन तिनं ऐकलं की लगीच ढील द्या. तीच तिची बक्षिसी. ऐकून बी तुमी धरूनच ठेवलं, तर तिनं ऐकायचं कशाला?"

पहिल्यांदा दुडक्या चालीत पाच फेऱ्या टिकले. उतरले. हसू आलं. नंतर उमाची आठवण आली आणि हसल्याची लाज वाटली.

५ फेब्रुवारी

दानम्मा — आप्पांची बायको. अजून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. मी आले की आत जाते. तहान लागली तर आप्पाच तांब्या आणून देतात, बाहेर. मला असले उंबरे लहानपणापासून माहीत आहेत, त्यामुळे हा त्यातला की उमामुळे, असं मी विचारलं नाही. उमामुळे असेल तर तिचा हक्कच आहे.

२१ फेब्रुवारी

गावची विहीर आटली. तळाला उतरून लोक वाटीवाटीनं पाणी भरतायत. एक दिवसाआड टँकर.

२ मार्च

गावातलीच बाळंतीण. पोरगी अठराची, घाबरून पाय आखडून घेत होती. एरवी मी ओरडले असते — आता कशाला रडतेस, गप पड! तोंडाशी आलंही होतं. मग तिच्या पाठीवर हात ठेवला आणि नुसती बसले. काही मागितलं नाही. पंधरा मिनिटांत तिचं अंग सैल झालं. तिची सासू म्हणाली, शिष्टरबाई आज बऱ्या नाहीत वाटतं.

नऊ वर्षं मी बायकांवर ओरडत आले. किती जणींवर?

१३ मार्च, रविवार

दरेवाडीला गेले. एकटी. तुळसावर.

आप्पांनीच सांगितलं होतं. उमाच्या मुलीला त्रिगुणी लस द्यायची राहिली होती. मी दोनदा दुसऱ्या गावचं काम काढून टाळलं होतं. सकाळच्या एस.टी.नं बर्फ आला, थर्मास खोगिराला बांधला. आप्पा गावाच्या शिवेपर्यंत सोबत चालत आले. म्हणाले, तिथून पुढं तुमी दोघी.

चढावर एका ठिकाणी ती थांबली. पुढं जाईना. पूर्वी टाच मारली असती. थांबले. ती वाटेवरच्या पांढऱ्या दगडाकडे बघत होती. बघू दिलं. कान फिरवले, फुरफुरली, मग आपणच निघाली. एवढंच!

सव्वा तासात पोचले. सव्वा तास.

उमाची आई मला पाहून उठली नाही. तिचा मुलगा नागप्पा — त्या दिवशी निरोप घेऊन तोच धावत आला होता — त्यानं घोडी धरली. माझ्याकडे बघितलं नाही. मुलगी पाटीत झोपली होती. चार महिन्यांची. शेळीच्या दुधावर आहे, तरी बरी भरलीय. सुई टोचली तेव्हा तिनं माझं बोट धरलं आणि रडत रडत धरूनच ठेवलं. सोडवून घ्यायला मला वेळ लागला.

निघताना नागप्पानं घोडीला बादलीभर पाणी दिलं. त्यांच्याकडेही टँकरचंच. मला विचारलं नाही. बरोबर आहे.

१४ मार्च

रात्रभर झोप नाही. सव्वा तास.

२९ मार्च

कडबा संपला. आप्पा कडुनिंबाचा पाला आणि शेवरी आणतात. तुळसाच्या बरगड्या दिसायला लागल्या. आता फक्त लांबच्या वाडीलाच जाते, तेही आठवड्यातून एकदा.

९ एप्रिल

जळकोट रस्त्याला गुरांची छावणी उघडली. आप्पा आणि मी तुळसाला घेऊन गेलो, ऊन व्हायच्या आत. तिथल्या कारकुनानं छापील कागद दाखवला. गाय, बैल, म्हैस, वासरू. घोड्याचा रकानाच नाही. मी सांगितलं की ही सरकारी कामाला येते, लस घेऊन जाते. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, बाई, मी म्हैस म्हणून लिहिली असती, पण साहेब येऊन मोजतात.

परत येताना आप्पांनी मला वर बसवलं, स्वतः लगामाला हात न लावता बाजूनं चालत होते. मला पाठीवर बसवलं नाही तर ती रस्त्यावरच्या गाड्यांना बिचकते, माझ्या वजनानं धीर येतो म्हणतात. माझ्या वजनानं! बाभळीपाशी आलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"आप्पा, त्या दिवशी मी साडेअकराला निघाले नव्हते."

ते चालत राहिले.

"एक वाजता निघाले. पाय मुरगळला नव्हता. सकाळी तांड्यावरून चालून आले होते, पायाला फोड होते. पहिलटकरीण आहे, रात्र होईल, असं धरलं. जेवले. जरा पडले, तर झोपच लागली."

ते थांबले. घोडीच्या खोगिराचा तंग तपासला, एक घर सैल केला. मग म्हणाले, "ठावं हाय."

मला कळेना.

"नागप्पा तुमच्याकडनं निघून आमच्या दारावरनंच गेला. मी उदगीरला व्हतो बाजाराला. दानम्मा घरी व्हती. तुमचं दार दिसतंय की आमच्या वट्यावरनं."

मी विचारलं, सगळं ठाऊक होतं, तर मला शिकवता कशाला?

मग ते एका घोड्याचं बोलायला लागले. विशीतले असताना देशमुखाच्या पागेत एक काळं शिंगरू होतं. पाण्यात उतरेना. घाई होती, दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. आप्पांनी चाबूक मारला, तो त्याच्या डोळ्यावर बसला. डोळा गेला.

"त्याच्यामागं म्या कदीच मारलं न्हाई. पन्नास वरसं. पर त्याचा डोळा काही परत आला न्हाई, बाई. तो एका डोळ्याचाच मेला." मग म्हणाले, "तुमी झोपलात, म्हणून उमा गेली. ते तसंच हाय. म्या न्हाई म्हणनार न्हाई."

मी रडत होते. तुळसा थांबून राहिली होती, कान मागे करून.

"हात बघा," आप्पा म्हणाले. "लई आवळून धरलंय. तिचं तोंड दुखतंय."

मी बोटं सोडली. आम्ही घरी आलो.

१० एप्रिल

रजिस्टर काढलं. साडेअकरा खोडलं, एक लिहिलं. पाय मुरगळल्याची ओळ खोडली, 'झोप लागली' लिहिलं. शेजारी पूर्ण सही — पंचफुला. डॉक्टरसाहेबांना तसं पत्र टाकलं.

१८ एप्रिल

साहेब जीप घेऊन आले. रजिस्टर वाचलं, मिटलं. म्हणाले, नोव्हेंबरचे कागद वरती पोचले, आता दोन जिल्ह्यांत ते शोधणार कोण? कशाला उकरता? चांगलं काम करताय तुम्ही. पाठीवर थाप मारून गेले.

मला शिक्षा हवी होती असं नाही. पण थाप नको होती.

३ मे

काल खडकी तांड्यावर. पहाटे निरोप, सातला पोचले. मूल झालेलं, वार अडकलेली, रक्त चालू. सगळं तसंच. हुबेहूब तसंच. इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, वार आली. रक्त थांबलं. बाई जगली. तिला माझं नावसुद्धा माहीत नाही.

परत येऊन आप्पांना सांगितलं, दारातच, जरा मोठ्यानंच सांगितलं गेलं. आत भाकरी थापायचा आवाज येत होता, तो थांबला. मी सांगून संपवेपर्यंत थांबलेलाच होता.

आप्पांनी एवढंच विचारलं, "तांड्यावर घोडीला पाणी दावलं का?"

९ मे

बदलीचा हुकूम आला. मुरूड. पंधरा जूनपर्यंत हजर व्हायचं.

आईला लगेच कळवायला हवं. आप्पांना सांगायचं धाडस झालं नाही.

१६ मे

अजून सांगितलं नाही.

टँकर आता तीन दिवसांआड. माणसांनाच पुरत नाही, तिथं घोडीला कोण देईल? आप्पा पहाटे उठून तिला दोन कोसांवरच्या पाझर तलावाला नेतात. तळाशी थोडं गढूळ पाणी उरलंय. जाताना-येताना पायीच. मी म्हटलं, जाताना तरी बसा. म्हणाले, तिच्या अंगात आता एका माणसाचं बळ न्हाई.

मी म्हटलं, आप्पा, तुमच्या अंगात तरी कुठं आहे?

हसले.

२४ मे, मंगळवार

आप्पा गेले.

२६ मे

लिहायला हवं. नाहीतर मी पुन्हा काहीतरी वेगळंच धरून बसेन.

परवा त्यांना तलावावर उशीर झाला. गाळात पाणी झिरपायला वेळ लागतो, तुळसा पोटभर पिईपर्यंत थांबले असणार. परतायला अकरा वाजले. शाळेपाशी कुणीतरी ओरडलं, आप्पा पडले. मी अनवाणीच पळाले. पिंपळाच्या पारापाशी होते. अंग तव्यासारखं, घाम नाही. डोळे उघडे पण ओळख नाही. तुळसा त्यांच्या अंगावर सावली पडेल अशी उभी होती. असं लोक म्हणतायत. मला वाटतं ती नुसती उभी होती. दोर त्यांच्या हातातच होता, पण सैल.

घरी उचलून आणलं. दानम्मानं पाण्याचा रांजण उपसला, घरातलं होतं नव्हतं तेवढं पाणी त्यांच्यावर ओतलं. मी ओल्या चादरी गुंडाळल्या, वारा घातला. सलाईन लावलं. शीर सापडेना, तिसऱ्यांदा सापडली. जीपला निरोप धाडला. अडीच वाजता गेले. जीप चारला आली.

या वेळी मी पळत गेले होते. दोन मिनिटांत पोचले होते. काही उपयोग झाला नाही.

त्यांच्यात माती देतात. जंगम आले. खड्ड्यात त्यांना मांडी घालून बसवलं. जन्मभर मांड घालून बसलेला माणूस, तसाच बसवला. पाठ ताठ होती.

दानम्मा रडली नाही. तुळसाला दाव्याला बांधून आली आणि भिंतीला टेकून बसली. मी बाहेर वट्याखाली बसले. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत तशाच.

३० मे

शिवमूर्ती आलाय. वाळलाय. बापाचे दिवस झाले की आईला हैदराबादला नेणार म्हणतो. दानम्मा नको म्हणते आहे असं शेजारीण सांगत होती.

घोडीला मी चारा-पाणी करते. माझ्या वाट्याची एक घागर तिला. ती खात नाही. पाला तोंडात धरून उभी राहते. संध्याकाळी तलावाकडच्या वाटेकडे तोंड करते.

काल तिच्याजवळ पोत्यावर बसून राहिले. काही मागितलं नाही. खूप वेळानं तिनं दोन घास खाल्ले.

४ जून

मुखेडचा वरातवाला आला होता. तोच, जुना मालक. त्याला कळलं की आप्पा गेले. शिवमूर्तीशी वट्यावर बोलत बसला. घोडी आता शांत झालीय, लहानखुरी बाईसुद्धा चालवते, असं गावातूनच कुणीतरी सांगितलं असणार. म्हणजे मीच ती लहानखुरी बाई. आप्पांनी तीन वर्षं घालून तिचं भय काढलं, आणि त्यामुळेच ती आता त्याला हवीय.

तो तिच्या तोंडाला हात लावायला गेला, तर ती मागं सरून भिंतीला चिकटली. अंगभर थरथर. इतक्या दिवसांत तिला असं पाहिलं नव्हतं. शिवमूर्तीनं मान खाली घातली होती. तो कठोर नाही. त्याला फक्त सगळं संपवून जायचंय. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, मला दे. तो म्हणाला, शिष्टर, तुमी मुरूडला चाललात. तिथं घोडी कुठं बांधणार? दवाखान्यात?

त्याला बदलीचं कसं कळलं? पोस्टमन. म्हणजे आप्पांनाही कळलं असेल का? ते काहीच बोलले नव्हते.

वरातवाला बुधवारी गाडी घेऊन येणार.

७ जून

कपडे बांधायला घेतले. ट्रंक अर्धी भरली. दोनदा गोठ्यात जाऊन आले. पुढं काय करायचं ते सुचत नाही. आईचं पत्र आलं, तिनं माझ्यासाठी खोलीला चुना लावलाय.

८ जून, बुधवार

सकाळी दार वाजलं. दानम्मा. हातात तुळसाचा दोर. तिला माझ्या दाराच्या कडीला बांधलं. मी आत या म्हणायच्या आधीच ती आत आली आणि जमिनीवर बसली. पाणी मागितलं. मी दिलं. प्याली.

मग म्हणाली, "तुला शिकवायला ह्यांना म्याच धाडलं व्हतं. ह्यांचं मन न्हवतं."

मी उभीच.

"त्या दिवशी तुझं दार लावल्यालं दिसत व्हतं वट्यावरनं. म्या दीड तास बघत बसले. उठून वाजवलं न्हाई. तुमच्या लोकांच्या दारात कसं जावं म्हनून." पुढं म्हणाली, "तुला माफ केलं न्हाई म्या. मला बी न्हाई."

उठली आणि घरी गेली. वरातवाल्याची गाडी येऊन रिकामी परत गेली.

ट्रंक अजून उघडीच आहे. तुळसाला पाणी पाजून आले.